उत्तर तिचं, सही माझी

मी शाळेत कारकून आहे. सरकारी भाषेत कनिष्ठ लिपिक. पण आमच्याकडं शाळेच्या फाटकातून जो पगार घेऊन बाहेर पडतो त्याला गाव 'सर' म्हणतं, मग तो भूगोल शिकवो नाहीतर हजेरीपटावर रेघा मारो. मी नक्की काय शिकवतो हे कुणी कधी विचारलं नाही आणि मीही आपण होऊन खुलासा केला नाही. पुढं जे झालं त्याचं मूळ या सवयीत आहे, असं मला आता वाटतं.

आमचं गाव कळंब तालुक्यात. घरी सहा शेळ्या आहेत, पण त्या माझ्या नाहीत, बायकोच्या आहेत. लग्नात तिच्या वडिलांनी भांड्यांबरोबर एक काळी पाठ दिली होती. पाठ म्हणजे अजून न व्यालेली तरणी शेळी. लेकीच्या हाताशी सासरी स्वतःचं काहीतरी असावं म्हणून तिच्या माहेरी तशी रीत आहे. त्या एका शेळीच्या लेकी, नाती, पणत्या असं करत गोठा बावीस वर्षं नांदता राहिला. या बावीस वर्षांत मी गोठ्यात गेलो असेन तो सापडत नसलेली बादली शोधायला. माझे वडील पोस्टात, आजोबा शाळेत; आमच्या घरात जनावर कधी नव्हतंच. शेळीचा वास आणि माझं नाक यांचं जमणार नाही, हे मी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात बायकोला सांगून टाकलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि त्यानंतर गोठ्यातली एकही गोष्ट माझ्यापाशी काढली नाही.

असा मी जिल्ह्यातल्या शेळीपालकांच्या ग्रुपमध्ये गेलो कसा, तर शाळेतल्या एका शिक्षकांनी न विचारता घातलं. त्यांनी आमच्या दारात शेळ्या बघितल्या होत्या. ग्रुपात अडीचशेच्या आसपास माणसं. जिल्ह्याचं नाव बदलून धाराशिव झालं तरी शेळी उस्मानाबादीच राहिली, आणि ती पाळणारे कळंबपासून परांड्यापर्यंत सगळीकडचे तिथं जमा होते. पहिल्या दिवशी बाहेर पडायचं ठरवलं होतं. सकाळी उठलं की चाळीस फुलं, वीस सूर्योदय, आणि त्यात मधेच कुणाची तरी खोकणारी शेळी. बिचारी शेळी खोकत वर सरकायची आणि तिच्यावर सुविचार पडत राहायचे. मला याचा संताप आला. माझ्यातला कारकून जागा झाला आणि मी अकरा कलमांची नियमावली करून टाकली. कलम चारमध्ये फुलांना बंदी होती.

ग्रुप काढणारे परांड्याकडचे एक वयस्कर गृहस्थ होते. सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांचा मला फोन आला. असा शिकलेला माणूस आम्हाला पाहिजेच होता म्हणाले, आणि मला ॲडमिन करून मोकळे झाले. झालं. बाहेर पडायचं राहिलं ते राहिलंच.

तोवर माझ्याकडून शेळीबद्दल एक अक्षर गेलं नव्हतं. पण ॲडमिन झाल्यावर लोक नाव घेऊन विचारायला लागले. पहिलाच प्रश्न भूम तालुक्यातल्या एकाचा होता. त्याची शेळी व्याली होती आणि करडाला जवळ येऊ देत नव्हती. 'सर, काय करावं?' असं त्यानं लिहिलं होतं आणि खाली हात जोडलेले होते. माझ्याही घरी हात जोडण्यासारखीच परिस्थिती होती. बायको गोठ्यात धार काढत होती. मी दाराशी उभा राहून, नाकाला रुमाल न लावता, सहज विचारल्यासारखं विचारलं.

ती वळून बघत राहिली. मग म्हणाली, "त्याच्या अंगाला तिचंच दूध चोळायचं. मिठाचा हात फिरवायचा, म्हंजी ती चाटती. आन् गर्दी करायची न्हाय. बाळंतिणीपाशी कुणी हुबं ऱ्हातं का?"

मी ओसरीवर येऊन लिहिलं: 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, नवजात करडाच्या अंगास मातेचे दूध व अल्प प्रमाणात मीठ चोळावे. तसेच माता व करडू यांना एकांत उपलब्ध करून द्यावा.' दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माणसानं दूध पिणाऱ्या करडाचा व्हिडिओ टाकला. खाली अंगठ्यांचा पाऊस. 'सर, मानलं तुम्हाला.' 'सर म्हणजे चालतं बोलतं पुस्तक.' तेवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या एकाही पत्राला कुणी असं उत्तर दिलेलं नव्हतं. मी तो व्हिडिओ शाळेत सात-आठ वेळा बघितला.

मग ती रीतच पडली. सकाळी ग्रुपवर प्रश्न यायचा. मी 'अभ्यास करून सायंकाळी कळवतो' असं लिहायचो. संध्याकाळी बायको धार काढायला बसली की मी एक पोतं घेऊन तिच्याजवळ बसायचो आणि आडून आडून विचारायचो. करडाला हगवण लागली तर काय? गाभण शेळीला सुबाभळीचा पाला किती द्यायचा? तुरीचं भुसकट कधी? ती हात चालू ठेवून सांगायची, मी मनात कार्यालयीन भाषेत लिहून घ्यायचो. ती म्हणायची, "पाऊस पडला की दोन दिस कवळं गवत खाऊ द्यायचं न्हाय, न्हायतर ढोल व्हतो पोटाचा." मी लिहायचो, 'पावसाळ्याच्या प्रारंभी कोवळ्या चाऱ्यावर निर्बंध ठेवावेत.' आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच, फक्त नागोबा उपरोक्त, सदरहू असं बोलत होता.

यात एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. तिच्याकडं साधा बटणांचा फोन. ग्रुप वगैरे तिच्या गावी नव्हतं. आमची एकुलती पोरगी त्याच वर्षी नर्सिंगला लातूरला गेली होती आणि घर एकदम मोकळं पडलं होतं. अशात नवरा रोज संध्याकाळी येऊन जवळ बसायला लागला. बायकोला वाटलं, माझं मन गोठ्याकडं वळलं. खरं सांगायचं तर तिला वाटलं, ते तिच्याकडं वळलं. महिन्याभरात ती संध्याकाळी गोठ्यात जाण्याआधी तोंड धुऊन, वेणी नीट करून जायला लागली. पोत्याऐवजी माझ्यासाठी तिनं जुन्या साडीची घडी करून ठेवली. हे मला दिसत होतं. मला लाजही वाटत होती. पण अंगठे येत होते.

खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं माझं झालं. तिच्या माहेरचा फोन वाजला तरी मी दचकायचो. तिचा धाकटा भाऊ भूमकडं शेळ्याच पाळतो. तो आमच्या ग्रुपात नाही एवढं मी यादी दोनदा वाचून बघितलं होतं.

एकदा पितळ उघडं पडता पडता राहिलं. रविवार होता. बायको बहिणीबरोबर तुळजापूरला देवीची ओटी भरायला गेलेली. मी जेवून आडवा झालो तोच फोन. ग्रुपातले दोघं जण सोनारीला भैरवनाथाचं दर्शन करून मोटारसायकलवर परत निघाले होते, आणि सरांचा गोठा बघितल्याशिवाय जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. "सर, फाट्यावरच हावोत," म्हणाले. नाही म्हणायला जागाच ठेवली नाही.

मी त्यांना गोठ्यात नेलं. अंगात पांढरा शर्ट, पायात चपला. मला बघताच सहाही शेळ्या लांबच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटल्या. पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, "सर, तुमाला भेतेत वाटतं." मी म्हणालो, शिस्त आहे. बायको त्यांना बोलावताना जिभेनं टाळूवर कसलासा आवाज काढते. तो मी काढून बघितला. शेळ्या हलल्या नाहीत, शेजारचं कुत्रं मात्र आत आलं.

शेवटी सगळ्यात संथ दिसणारी एक मी शिंगाला धरून ओढत आणली. दुसऱ्यानं विचारलं, "किती दाती हाय?" शेळीचं वय दातांवरून सांगतात एवढं ग्रुपवर वाचून ठाऊक होतं. मी ऐटीत तिचं तोंड उघडलं. वरच्या बाजूला समोर एकही दात नव्हता. नुसती हिरडी. मी गंभीरपणे म्हणालो, "वरचे पडलेत. म्हातारी झाली आता."

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. चूक सुधारावी म्हणून मी घाईनं दुसरी धरली, चांगली तरणीताठी. तिलाही वर दात नाहीत. आता काय म्हणावं? म्हणालो, "हिचेही गेले. कॅल्शियमची कमतरता."

दोघं एकदम हसत सुटले. एकजण तर दावणीवर बसला. "सर, लई फिरकी घेता राव," म्हणाला. मीही हसलो. कशाला हसतोय ते मला कळलेलं नव्हतं. संध्याकाळी ग्रुपवर आलं, 'सर जेवढे ज्ञानी तेवढेच विनोदी.'

बायको तुळजापूरहून आली तेव्हा मी पहिला प्रश्न तोच विचारला, आपल्या शेळ्यांचे वरचे दात पडले कसे? ती पदर तोंडात धरून हसली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेळीला, गाईला, म्हशीला वरच्या जबड्यात पुढं दात नसतातच, हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं. मग हसू थांबवून तिनं विचारलं, "तुमी व्हऊन तोंड उघडून बघितलं?" मी हो म्हणालो. त्या दिवशी ताटात पुरणपोळी नव्हती तरी तूप होतं. मला ते तूप गिळवेना. आज सांगू, उद्या सांगू असं करत मी आणखी दोन महिने घालवले.

आणि मग तो दिवस आला. वाशी तालुक्यातल्या एका माणसाची शेळी फुगली होती. तिनं कुणाच्या तरी खळ्यावर ज्वारी खाल्ली होती. जनावरांचे डॉक्टर निघाले होते, पण त्यांना यायला वेळ होता. तोपर्यंत काय करावं, सर, लवकर सांगा, असं त्यानं लिहिलं होतं. टाइप करायला वेळ नाही म्हणून मी बोलूनच पाठवायचं ठरवलं. ओसरीवर उभा राहून, बोट उचललं तरी रेकॉर्डिंग चालू राहावं म्हणून माइकचं बटण वर सरकवून कुलूप लावलं, आणि सुरू केलं: "नमस्कार शेळीपालक बंधूंनो. सदर प्रश्नाबाबत माझा अनेक वर्षांचा अनुभव असा आहे की..." इथं माझ्या लक्षात आलं की माझा अनुभव काय आहे हे अजून बायकोला विचारायचंय.

मी रेकॉर्डिंग थांबवलं. म्हणजे थांबवलं असं मला वाटलं. गोठ्यात गेलो, मोबाइल भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला आणि विचारलं. ती म्हणाली, पाणी पाजू नका, खायला काही देऊ नका, पुढचे पाय उंचावर येतील असं उभं करा आणि डाव्या कुशीला हळूहळू चोळत राहा. डॉक्टरला मात्र परत एकदा फोन लावा. मग तिनं विचारलं, कुणाची शेळी फुगली? मी म्हणालो, शाळेतल्या एकाच्या ओळखीतली. ती म्हणाली, मग त्याला आधी हे सांगा, आणि जाता जाता मला एक बादली पाणी आणून द्या. मी हौदावरून पाणी आणलं, बादली ठेवली, कोनाड्यातला मोबाइल घेतला, बाहेर येऊन उपाय सांगितले, शेवटी "तरी वरीलप्रमाणे कार्यवाही करावी" असं म्हणालो आणि पाठवून दिलं. चष्मा घरात होता, त्यामुळं किती मिनिटांचं झालं ते दिसलं नाही. पाठवलं आणि दिवसभराचा डेटा संपला.

दुसऱ्या दिवशी दहावीच्या परीक्षेचे फॉर्म भरायचे होते, मोबाइल बघायला उसंत मिळाली नाही. दुपारी मुख्याध्यापकांनी कळंबला बँकेत पाठवलं. बाजाराचा दिवस होता. काम उरकून बसस्टँडजवळच्या हॉटेलात चहा सांगितला. शेजारच्या बाकावर तिघं-चौघं एका मोबाइलवर डोकी घालून बसलेले, खांद्यावर दोऱ्या, म्हणजे शेळ्यांच्या बाजारातून आलेले. एकजण म्हणत होता, "ऐक की, पुन्यांदा लावतो." आणि मोबाइलमधून माझा आवाज आला: "नमस्कार शेळीपालक बंधूंनो."

माझा चहा बशीतच राहिला. पाठोपाठ माझाच दुसरा आवाज, एकदम घरगुती: "अगं, शेळी फुगली तर काय करायचं असतं?" बाकावर हशा उसळला. मग बायकोचं सगळं सांगणं, शब्द न् शब्द. मधे मी 'हां, हां' म्हणतोय. मग बादली. माझी पावलं लांब जातात. इथं मला वाटलं, आता संपेल. पण मी पाण्याला गेलो होतो आणि मोबाइल कोनाड्यात होता.

बायको शेळीशी बोलत होती. "गप गं. येतेत आत्ता मालक पाणी घिऊन. त्यांच्या अंगावर उडू नगं. बावीस वर्सं झाली मला या घरात यिऊन, आत्ता कुठं माणूस माज्यापाशी घडीभर बसाय लागलाय. तू असं नाचलीस तर उद्या यायचे न्हाईत ते."

बाकावरचं हसणं थांबलं. एकानं मोबाइल खाली ठेवला. दुसरा म्हणाला, "हे न्हवतं पाटवायला पायजे, राव." तिथं जमिनीनं दुभंगून मला पोटात घ्यावं असं वाटलं, पण बसस्टँडची जमीन सिमेंटची. चहाचे पैसे देऊन मी उठलो.

एसटीत बसून ग्रुप उघडला. तीनशेच्या वर मेसेज. वाशीची शेळी वाचली होती, हे आधी वाचलं. बाकी सगळं माझ्यावर. 'सरांचं विद्यापीठ सापडलं.' 'वहिनींना ॲडमिन करा.' ज्यांना मी दात दाखवले होते त्यांच्यापैकी एकानं लिहिलं होतं, 'मग ते कॅल्शियम खरंच होतं की काय?' मी घाईघाईनं माझा आवाज पुसून टाकायला गेलो. मोबाइलनं विचारलं, माझ्यापुरतं की सगळ्यांसाठी? गाडी खड्ड्यात आदळली आणि बोट 'माझ्यापुरतं' वर पडलं. सगळ्या जिल्ह्यात तो आवाज राहिला, तो एकट्या माझ्याकडं उरला नाही.

तेवढ्यात परांड्याच्या काकांचा फोन आला. मला वाटलं, आता ग्रुपातून काढतात. काका म्हणाले, "सर, उत्तरं बरुबर हुती, आमची जनावरं वाचली, आमचं कायबी म्हननं न्हाय. पर घरी काय सांगनार तुमी?"  हे उत्तर विचारायला जायला कुणी नव्हतं.

घरी पोचलो तर बायको ओसरीवर गहू निवडत बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, भावाचा फोन आला होता. त्याला त्याच्या दुसऱ्या कुठल्या ग्रुपवर तो आवाज आला होता आणि त्यानं फोनवरून तो तिला वाजवून दाखवला होता. मी बूट न काढता उभा राहिलो. कार्यालयात चूक झाली की कसं लिहायचं हे मला पाठ आहे, 'अनवधानाने' म्हणायचं असतं. ते तोंडातून निघेना. आणि हे अनवधानानं झालेलंही नव्हतं. मी म्हणालो, "चुकलं माझं."

तिनं सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "म्हंजी रोज संध्याकाळी ती लोकं बसायची व्हय माज्यापाशी," म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली.

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप समोर ठेवून म्हणाली, "सर, चहा." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. दुपारी, "सर, डबा." संध्याकाळी, "सर, गिरणीत जाऊन या." बावीस वर्षं मला 'आवं' म्हणणारी बाई मला सर म्हणायला लागली. गावानं दिलेली ती पदवी घरात इतकी टोचेल असं वाटलं नव्हतं. पोरीचा लातूरहून फोन आला तेव्हा तिनं मी ऐकेन अशा आवाजात सांगितलं, "सर बरे हायेत तुजे."

ग्रुपवर मी खरं खरं लिहून टाकलं. पहिल्यांदाच उपरोक्त न लिहिता. सगळी उत्तरं बायकोची होती, मला शेळीतलं काही कळत नाही, दातसुद्धा. ॲडमिनपद सोडतो. लोक मोठ्या मनाचे, अंगठे आलेच. पण प्रश्न विचारायचे थांबले नाहीत, फक्त आता लिहायचे, 'सर, वहिनींना विचारून सांगा.' मी विचारायला धजत नव्हतो. गोठ्यातली साडीची घडी उचलून ठेवलेली मी दारातूनच बघितली होती.

आठेक दिवस असे गेले. मग एका सकाळी एकानं शेळी अडल्याचं बोलून कळवलं. करडाचा एकच पाय बाहेर आलेला, डॉक्टर वाटेत, माणूस रडकुंडीला आलेला. मी मोबाइल घेऊन गोठ्याच्या दारात गेलो आणि त्या माणसाचा निरोप तिला ऐकवला. माझ्यावरचा राग तिनं शेळीवर काढला नाही. हात धुतले, माझ्या हातातून मोबाइल घेतला, "कुठं दाबायचं?" विचारलं आणि थेट बोलायला लागली. ओढू नका, जोर लावू नका, शेळीला निवांत ठेवा, हात स्वच्छ धुऊन ठेवा, डॉक्टर आल्याबिगर आत हात घालू नका. आवाजात घाई नव्हती. उलट निरोप येत गेले तसा त्या माणसाचाही आवाज हळूहळू खाली आला. डॉक्टर आले, दोन करडं झाली, दोन्ही जिवंत. ग्रुपवर त्या दिवशी कलम चार मोडून फुलंच फुलं आली. मी कुणाला काही म्हणालो नाही.

पोरीनं तिचा जुना मोबाइल आईला पाठवून दिला. काकांनी तिला ग्रुपात घेतलं. आता संध्याकाळी धार काढताना ती मोबाइल कोनाड्यात ठेवते आणि बोलते. परांड्याचे काका तिला विचारतात, डॉक्टरसुद्धा कधी कधी तिचं ऐकून 'बरोबर' म्हणून लिहितात. माझी कुणाला गरज उरली नाही. मी ओसरीवर पेपर धरून बसायचो आणि गोठ्यातून तिचा आवाज यायचा. अडीचशे माणसांशी ती बोलत होती, हसत होती, एखाद्याला दटावत होती. मला चक्क हेवा वाटला. शेळ्यांचाही वाटला. आणि एक गोष्ट कळली, जी कळायला मला इतका उशीर झाला याची लाज वाटते: त्या सहा-सात महिन्यांत मी संध्याकाळची वाट बघत होतो, ती सगळी अंगठ्यांसाठी नव्हती.

परवा न राहवून उठलो. मोबाइल ओसरीवर ठेवला आणि गोठ्यात गेलो. एक शेळी माझ्याकडं बघून मागं सरकली. बायको वर न बघता म्हणाली, "सर, आज कुणाचा प्रश्न हाय?"

मी म्हणालो, "माझाच."

"इचारा."

आता पंचाईत झाली. दुसऱ्यांचे प्रश्न मी दीडशे-दोनशे तरी विचारले होते, स्वतःचा एकही नाही. कसा विचारतात तेच ठाऊक नव्हतं. घसा खाकरला, खाली बघितलं, तिच्या हाताकडं बघितलं. दुधाची धार चरवीत पडत होती. शेवटी म्हणालो, "पोरगी गेल्यापासून... तुला करमतं का गं दिवसभर?"

तिचा हात थांबला. कासेवरून हात काढून तिनं पदराला पुसला. कोनाड्यातला स्वतःचा मोबाइल काढून, उलटसुलट करून, तो बंद आहे ना ते बघितलं. मग माझ्याकडं बघून विचारलं, "हे ग्रुपवर टाकनार न्हाय न्हवं?"

"नाही."

तिनं पायानं एक पोतं माझ्याकडं सरकवलं.

"आवं, मग बसा नीट," ती म्हणाली. "लई येळ लागंल."